बेस मॉडेलची गोष्ट

गेल्याच्या गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या गणपतीत, मिरजेच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडी घ्यायची म्हणतोय. तीन लाखात नवी काय येतंय?"

आता आपण सॉफ्टवेअरवाले म्हटल्यावर नातेवाईकांना वाटतं की याला मोबाईलपासून मिक्सरपर्यंत सगळंच कळत असणार. मी आपला रुबाबात एक्सेल उघडून बसलो. अर्ध्या तासात लक्षात आलं की तीन लाखात नवी गाडी येतच नाही. सगळ्यात स्वस्त गाडीचं सगळ्यात खालचं मॉडेल चार लाखांच्या आसपास, आणि रस्त्यावर येईपर्यंत पावणेपाच. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग हे सरकार कशाला त्या एअरबॅगा बसवायला लावतंय? आम्हाला नको त्या. त्याचे पैसे कमी करा म्हणावं."

हा संत्या (घरातलं नाव) रोज सकाळी बायको आणि दोन मुलींना बाईकवर घेऊन निघतो. धाकटी टाकीवर, थोरली दोघांच्या मध्ये. हेल्मेट एक, तेही त्याच्या डोक्यावर. त्याला एअरबॅगचं महत्त्व मी काय समजावणार होतो? पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. नियमांमुळे गाडी खरंच किती महाग होते? आणि महाग झाल्यामुळे जो माणूस बाईकवरच राहतो, त्याचा हिशोब कुणाच्या खात्यावर मांडायचा? दोन-तीन वीकेंड त्यात घालवले, त्याचा हा वृत्तांत.

सुरुवात आपल्या लाडक्या मारुती ८०० पासून करू. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. त्या गाडीत सुरक्षेचं म्हणावं असं काय होतं? ब्रेक, हॉर्न, आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती! गमतीचा भाग सोडा, पण तेव्हा सीटबेल्टसुद्धा कायद्याने सक्तीचे नव्हते. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे, आणि पुढच्या दोन सीटना बेल्ट बसवूनच गाडी विकायची हा नियम प्रत्यक्षात आला १९९४ च्या सुमारास. मागच्या सीटचे बेल्ट त्याहून नंतर, २००२ च्या आसपास.

आमच्या बाबांनी १९९८ मध्ये सेकंडहँड ८०० घेतली तेव्हा तिचे पुढचे बेल्ट नवेकोरे होते, कारण कुणी कधी ओढलेच नव्हते. आम्ही चौघं भावंडं मागे, आजी पुढे, आणि डिकीत (डिकी कसली, कोनाडा तो) मोदकांचे डबे. चाळीस-पन्नासच्या वेगाने कोकणात जायचो. कुणाला काही वाटायचं नाही, कारण काही वाटावं असा रस्ताही नव्हता आणि वेगही नव्हता.

माझ्या मते फरक पडला तो इथे. २००० पासून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर देशभर सुवर्ण चतुष्कोण वगैरे. म्हणजे साठच्या वेगासाठी बनलेलं पत्र्याचं खोकं अचानक शंभरने धावायला लागलं. शाळेत शिकलेलं ते सूत्र आठवा, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पन्नासचे शंभर झाले की धडकेची ऊर्जा चौपट. रस्ता नव्या शतकातला, गाडी मात्र ऐंशीच्या दशकातली. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर अपग्रेड केलं आणि ड्रायव्हर जुनाच ठेवला! (हा विनोद ऑफिसात कुणी हसलं नव्हतं. असो.)

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण आपल्याकडे आज जो वाद चाललाय तो तिकडे साठ वर्षांपूर्वी जसाच्या तसा होऊन गेलाय.

१९६५ च्या नोव्हेंबरमध्ये राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. अपघात झाला की आपण ड्रायव्हरला दोष देतो, पण धडकेनंतर स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसतो तो कुणाच्या डिझाईनमुळे? पुस्तकाचं पहिलं प्रकरण जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीवर होतं. कंपनीने काय करावं? नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले! ते उघडकीस आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. १९६८ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना बेल्ट सक्तीचे झाले. व्हॉल्वोच्या निल्स बोहलिनने तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट १९५९ मध्येच आणला होता आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना मोकळं ठेवलं होतं. म्हणजे वस्तू नऊ वर्षं तयार होती, फुकट उपलब्ध होती. तरी कायदा आल्याशिवाय ती सगळ्या गाड्यांत आली नाही.

पुढचा किस्सा मला फार आवडतो. २७ एप्रिल १९७१ ला हेन्री फोर्ड दुसरे आणि ली आयाकोका अध्यक्ष निक्सनना भेटायला गेले. निक्सन आपल्या ऑफिसातली सगळी बोलणी टेप करत हे या दोघांना कुठे माहीत! मागणी अशी की एअरबॅग वगैरे नियम पुढे ढकला, गाड्या महाग होतील, जपानी कंपन्या आपल्याला खाऊन टाकतील. नियम पुढे ढकलला गेला. मधल्या तडजोडीत १९७४ च्या मॉडेलना एक यंत्रणा आली, पुढे बसलेल्यांनी बेल्ट लावला नाही तर गाडी सुरूच व्हायची नाही. सीटवर किराणा मालाची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसायची. लोक असे भडकले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा करून ही यंत्रणा सक्तीची करायलाच बंदी घातली!

आपल्याकडे बेल्टची पिरपिर बंद करायला बक्कलच्या खाचेत घालायच्या नुसत्या क्लिपा ऑनलाईन मिळायच्या. २०२३ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या विकू नका असा आदेश द्यावा लागला. माणूस इथूनतिथून सारखाच.

अमेरिकेत पुढच्या दोन सीटना एअरबॅग पूर्ण सक्तीची व्हायला १९९७-९८ साल उजाडलं. मधल्या काळात रेगन सरकारने नियम रद्द केला, सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये ते रद्द करणंच बेकायदा ठरवलं, मग पुन्हा नवा नियम. आणि गंमत बघा, ते निक्सनकडे गेलेले आयाकोका ऐंशीच्या दशकाच्या शेवटी क्रायस्लरचे प्रमुख असताना आपल्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सरसकट देऊन तिची जोरात जाहिरात करत होते. गाडी महाग होऊन बुडणारी कंपनी तीच एअरबॅग दाखवून गाड्या विकत होती.

म्हणजे कंपन्या खोटं बोलतात, विषय संपला? इतकं सोपं नाहीये. कारण अमेरिकेत गाडी महाग झाली तर माणूस जुनी गाडी चालवतो. आपल्याकडे तो चार जणांना घेऊन बाईकवर बसतो.

हे सगळ्यात स्पष्ट ओळखलं होतं रतन टाटांनी. पावसात स्कूटरवरून जाणारं कुटुंब बघून नॅनोची कल्पना सुचली असं त्यांनी अनेकदा सांगितलंय. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत नॅनो दाखवली तो दिवस मला लख्ख आठवतो. आम्ही ऑफिसात काम सोडून बातम्या रिफ्रेश करत बसलो होतो. (प्रॉडक्शनला काहीतरी पेटलं होतं, पण ते नंतर.) एक लाखाची गाडी, तीही पिंपरीच्या कंपनीची! पुण्यात तर घरचं कार्य असल्यासारखं वातावरण होतं.

इंजिनिअर म्हणून त्या गाडीकडे बघताना आजही आदर वाटतो. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, वायपर एकच, चाकाला चारऐवजी तीन नट, साध्या मॉडेलला आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. जिथे जिथे रुपया वाचेल तिथे वाचवला. एअरबॅग अर्थातच नव्हती, आणि भारतातल्या तेव्हाच्या नियमांना ती नकोही होती. २००९ च्या मार्चमध्ये जिनिव्हात टाटांनी नॅनो युरोपा दाखवली, तिच्या यादीत मात्र एअरबॅग होत्या, एबीएस होतं. म्हणजे एकाच गाडीच्या दोन आवृत्त्या, त्यांच्यासाठी एक आणि आपल्यासाठी एक. युरोपा कधी विक्रीला आलीच नाही ते सोडा. टाटाच कशाला, मारुतीची ए-स्टार मानेसरला बनायची आणि सुझुकी अल्टो नावाने युरोपात जायची. तिकडच्या गाडीत एअरबॅग, इकडे फक्त सगळ्यात वरच्या मॉडेलमध्ये.

यावर चिडणं सोपं आहे आणि मी बरीच वर्षं चिडायचोही. पण संत्याच्या बाजूने विचार केला की गडबड होते. समजा एक लाखाची बिनएअरबॅगची नॅनो आणि पन्नास हजारांची बाईक असे दोनच पर्याय आहेत, तर चार जणांचं कुटुंब कशात जास्त सुरक्षित? उत्तर सरकारच्याच आकड्यांत आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची, एकोणीस-वीस टक्के पायी चालणारी, आणि कार, टॅक्सी, व्हॅन वगैरेंमधली साधारण साडेबारा टक्के. आपण ज्यांच्या एअरबॅगवर तावातावाने भांडतो ते आठांतले एक. बाकीच्यांना मुळात पत्र्याचं खोकंही नाही.

नॅनो मात्र चालली नाही. सिंगूर, मग साणंद, उशीर, 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का... कारणं सगळ्यांना पाठ आहेत. २०१८ च्या सुमारास उत्पादन थांबल्यातच जमा होतं. पण त्याआधी, जानेवारी २०१४ अखेर, एक बातमी आली आणि सगळं चित्रच बदललं.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किमीने अडथळ्यावर आपटून बघितल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो, सगळी बिनएअरबॅगची साधी मॉडेल. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे! व्हिडिओत पुतळ्याचं डोकं स्टिअरिंगवर आपटताना बघून पोटात गोळा आला, कारण त्यातली एक गाडी तेव्हा माझ्या पार्किंगमध्ये उभी होती. शोरूममधल्या पोराने मला विचारलं होतं, "सर, एअरबॅगचं मॉडेल चाळीस हजारांनी महाग पडेल, त्यापेक्षा हे घ्या, त्यात म्युझिक सिस्टीम बसवून देतो." आणि मी, महिना चांगला पगार घेणारा माणूस, हो म्हटलं होतं. तेव्हा 'लोकांना परवडत नाही' म्हणताना नेमके कोणते लोक, हा प्रश्न मला स्वतःला अडचणीचा आहे.

त्या अहवालातली खरी महत्त्वाची गोष्ट शून्य ताऱ्यांच्या गोंगाटात हरवली. पोलो आणि फिगोचा सांगाडा धडकेत टिकला होता. म्हणजे त्यांत एअरबॅग लावली की भागत होतं. एअरबॅगवाल्या पोलोला पुढे चार तारे मिळाले आणि कंपनीने बिनएअरबॅगचं मॉडेल विकणंच बंद केलं. बाकी तिघींचा सांगाडाच कोलमडला होता. गाडीचं नाक चुरगळलं तर चालतं, किंबहुना चुरगळायलाच हवं, पण माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहायला हवा. पिंजराच मोडणार असेल तर एअरबॅग म्हणजे नुसती उशी. आणि पिंजरा मजबूत करणं हे एअरबॅगसारखं वरून चिकटवण्याचं काम नाही, त्याला डिझाईन मुळापासून बदलावं लागतं. खरा खर्च तिथे आहे. चुकीच्या आर्किटेक्चरवर पॅच मारून बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग नियम भराभर आले. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि २०१९ पासून सगळ्या गाड्यांना धडक चाचणी, ताशी ५६ किमीची. (६४ आणि ५६ मध्ये आठचाच फरक वाटतो, पण वर्ग करून बघा, ऊर्जेत तीस टक्क्यांचा फरक आहे.) २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस, जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टची घंटा, वेगाची घंटा, मागचे सेन्सर. २०२२ उजाडताना शेजारच्या सीटचीही एअरबॅग. यात आपल्या सगळ्यांच्या ओळखीची ओम्नी गेली, २०१९ मध्ये. ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढे नुसता पत्रा असलेली गाडी कुठल्या धडक चाचणीत टिकणार?

आणि मग तो सहा एअरबॅगचा वाद. जानेवारी २०२२ मध्ये मसुदा निघाला. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेव्हा देशाला कळलं की महागडी गाडी असली तरी मागे बेल्ट न लावता बसलं तर काय होतं. त्याच महिनाअखेरीस नियम वर्षभर पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगून टाकलं. तोवर भारत एनकॅप सुरू झालं होतं, ताऱ्यांच्या स्पर्धेतून कंपन्या आपोआप देतील असा होरा. गंमत म्हणजे झालंही तसंच. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत मारुतीने सेलेरिओ, अल्टो के-टेन, वॅगन आर यांच्या साध्या मॉडेलमध्येही सहा एअरबॅग देऊन टाकल्या. सक्ती नसताना!

आता माझं एक्सेल. पन्नास हजारांची १९८३ ची मारुती आजच्या पैशात केवढ्याला? आयकरवाल्यांचा महागाई निर्देशांक घेतला (भांडवली नफ्याचा हिशोब करताना आपण सगळे घेतो तोच). १९८३-८४ ला ११६, २००१-०२ ला ४२६, तिथून नवा पाया १०० आणि २०२५-२६ ला ३७६. गुणाकार केल्यावर उत्तर येतं साधारण सहा लाख नव्वद हजार. परत तपासलं, तेच आलं. म्हणजे बेल्टची सक्ती नसलेली ती ८०० आजच्या हिशोबाने जवळजवळ सात लाखांची होती, आणि एबीएस, दोन एअरबॅग, धडक चाचणी असलेली २०२४ ची सगळ्यात छोटी गाडी चार लाखांची. नियमांनी गाडी महाग केली हे खरं, पण त्याहून जास्त स्वस्त ती कारखान्यांनी केली.

दुसरा कॉलम कराचा. २०२४ मध्ये छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर एक टक्का सेस. चार लाखांच्या गाडीत नव्वद हजार रुपये कर. त्यावर महाराष्ट्राचा अकरा टक्के रस्ता कर, चाळीस हजारांच्या वर. शिवाय २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी. आणि एअरबॅग? गडकरी संसदेत म्हणाले होते की एक साधारण ८०० रुपयांना पडते. कंपन्या याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. कंपन्यांचाच धरला तरी एअरबॅगचा आकडा कराच्या जवळपासही जात नाही. म्हणजे नव्वद हजारांचा कर घेणारं सरकार आणि एअरबॅगमुळे गाडी परवडत नाही म्हणणारा उद्योग, दोघं संत्याच्याच नावाने भांडत होते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि एका रात्रीत अल्टो पन्नास हजारांनी उतरली. सहा एअरबॅगसकट.

अर्थात माझा निर्देशांक संत्याला सांगून उपयोग नाही. त्याचा पगार निर्देशांकाप्रमाणे वाढलेला नाही. पाच लाखांच्या आतल्या गाड्या २०१५-१६ मध्ये नऊ लाखांहून जास्त खपल्या होत्या, २०२४-२५ मध्ये पंचवीस हजारांच्या आसपास. यात थोडा आकड्यांचा खेळ आहे, तीच गाडी किंमत वाढून पाच लाखांची रेषा ओलांडून गेली की या यादीतून गळते. पण सगळाच खेळ नाही. पायरी खरंच उंच झालीये. आणि नियम लागू होतो तो नव्या गाडीला. ज्याला ती पायरी चढता येत नाही तो थांबत नाही, तो सेकंडहँड बाजारात जातो.

संत्या तिकडेच गेला. २०२४ च्या दिवाळीत त्याने पावणेदोन लाखांत २०१३ ची गाडी घेतली. एअरबॅग नाही, एबीएस नाही, त्या शून्य ताऱ्यांच्या पाचातलीच एक. फोनवर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. कारण त्या सकाळी पहिल्यांदा धाकटी टाकीवर बसलेली नव्हती.

भाऊबीजेला मिरजेला गेलो तेव्हा गाडी दारात, हार घातलेली. मागे मुली बसल्या होत्या. म्हटलं बेल्ट कुठायत? तो म्हणाला, "मागे नाहीयेत दादा या मॉडेलला." असं कसं होईल, २०१३ ची गाडी! मग आम्ही दोघं सीटखाली हात घालून शोधायला लागलो. आधीच्या मालकाने जाडजूड रेक्झिनचे सीट कव्हर शिवून घेतले होते, बेल्टची बक्कलं त्याच्या खाली चेपून बसली होती. मावशीने आतून शिवणाची कात्री आणून दिली. बक्कल बाहेर काढून बेल्ट ओढला तर घडीची रेषाही मोडलेली नव्हती, अकरा वर्षांत एकदाही वापरला नव्हता. थोरलीने लगेच लावून बघितला. धाकटीच्या बाजूचं बक्कल गंजलं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमधून साडेतीनशे रुपयांत बदलून आणलं.